फातमाबाईंची कंपनी

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी पत्रातून, कधी फोनवरून, कधी एखाद्या निकाहच्या दावतीत जेवता जेवता. "मुलगी म्हणते मास मीडियाला जायचंय. कॅमेरा, एडिटिंग शिकायचंय. काय करावं?" विचारणारे अब्बा असतात किंवा मामू, कधी मोठा भाऊ. प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते. "आपल्यात कुणी बाईमाणसानं हे केलेलं नाही हो."

प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी, मुलीचा कल वेगळा, तेव्हा सगळ्यांना एकच सल्ला देणे बरोबर नाही. सिनेमा चांगला की वाईट हा वादही आम्ही येथे उकरून काढणार नाही. त्यावर घराघरांत मते आहेत आणि ती राहतील. पण ते शेवटचे वाक्य मात्र तपासून पाहायला हवे. "आपल्यात कुणी केलेलं नाही" हे खरे आहे का? या महिन्यात एवढाच विषय घेऊ.

त्यासाठी फार लांब जायला नको. चर्नी रोडला उतरून गिरगावात शिरायचे आणि तेथून दादरपर्यंत यायचे, एवढाच प्रवास.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला कुणी बाई तयार होईना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. म्हणजे "आमच्यात बायका असलं काही करत नाहीत" हे वाक्य त्या काळी कुठल्या एका जमातीचे नव्हते. ब्राह्मणवाडीत, पारशी बागेत, मुसलमान मोहल्ल्यात, सगळीकडे ते सारखेच बोलले जाई.

अशा काळात, १९२२ साली, अर्देशिर इराणी आणि भोगीलाल दवे यांच्या स्टार फिल्म कंपनीने 'वीर अभिमन्यू' काढला. त्यात काम करणाऱ्या फातमा बेगम या उर्दू रंगभूमीवरून आल्या होत्या. त्यांचा जन्म १८९२ चा. म्हणजे पडद्यावर आल्या तेव्हा वय तिशीचे. जोडीला मुलगी सुलताना होती. महाभारताची कथा, कंपनी पारशी-गुजराती भागीदारांची आणि कलावंतांत उर्दू बोलणाऱ्या मुसलमान मायलेकी. मुंबई अशी होती, आणि त्याचे तेव्हा कुणाला नवलही वाटत नसे.

फातमाबाईंना मुली तीन. सुलताना, जुबेदा आणि शहजादी. तिघीही सिनेमात आल्या. जुबेदा तर बारा वर्षांची असल्यापासून काम करू लागली. त्या काळी दादरला द्वारकादास संपत यांची कोहिनूर फिल्म कंपनी होती. (कोहिनूर मिल वेगळी, ही स्टुडिओची कंपनी.) तेथे या मायलेकींनी कामे केली. १९२४ साली निघालेला 'गुल-ए-बकावली' खूप चालला. चित्रपट मुके होते. संवाद पाट्यांवर लिहून दाखवत, आणि त्या पाट्या एकाच वेळी दोन-तीन भाषांत असत. चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले. चकाकते पत्रे आणि आरसे धरून उजेड वळवायचा, आणि ढग आले की सगळ्यांनी हात बांधून बसायचे.

दोन-चार वर्षांत फातमाबाईंनी हा धंदा आतून पाहिला. फिल्म कुठून येते, रोजंदारी किती पडते, थिएटरवाला किती टक्के घेतो, उरलेला पैसा कुणाच्या खिशात जातो, हे सारे. आणि १९२६ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवले 'फातमा फिल्म्स'. १९२८ साली तिचे नाव 'व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स' झाले.

क्षणभर थांबून या नावाकडे पाहू. त्या काळच्या कंपन्यांची नावे कोहिनूर, इम्पिरियल, स्टार अशी झोकदार असत. या बाईने आपलेच नाव पाटीवर लावले. आपल्या शरियतमध्ये बाईची कमाई बाईची असते, निकाहनंतरही तिचे नाव आणि तिची मालमत्ता तिचीच राहते, हे आपण वाझमध्ये ऐकतो. हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापाराचा दाखलाही आपण आवडीने देतो. व्यवहारात मात्र शिलाई मशीन बाई चालवते आणि दुकानाच्या पाटीवर नाव भलत्याचेच असते, असे किती ठिकाणी दिसते! फातमाबाईंनी कंपनी काढली आणि पाटीही आपल्या नावाची लावली.

त्याच वर्षी या कंपनीचा 'बुलबुल-ए-परिस्तान' पडद्यावर आला. दिग्दर्शन फातमा बेगम यांचे. हिंदुस्थानातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते, ते या चित्रपटामुळे. कथा पऱ्यांच्या राज्यातली, चमत्कारांची. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. परी हवेत दाखवायची, माणूस डोळ्यांदेखत गायब करायचा, तर सगळी करामत कॅमेऱ्यातच करावी लागे. फिल्म उलटी गुंडाळून तिच्यावरच पुन्हा चित्रण करायचे, नेमक्या जागी कॅमेरा थांबवायचा, काळ्या पडद्यापुढे माणूस उभा करायचा. एक माप चुकले की सगळी फिल्म वाया आणि पैसा पाण्यात. असा खर्चिक, अवघड प्रकार बाईंनी पहिल्याच झटक्यात हाती घेतला.

पुढची तीन वर्षे त्या चित्रपट काढत राहिल्या. आपल्या कंपनीसाठी दिग्दर्शन आणि बाहेर कोहिनूर, इम्पिरियलसारख्या कंपन्यांत अभिनय, अशी दोन्हीकडे त्यांची कामे चालू होती. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हा हिशेब लगेच कळेल. आपला धंदा तोट्यात गेला तरी चूल पेटती राहावी म्हणून बाहेरची नोकरी सोडायची नाही.

मग बोलपट आला. १४ मार्च १९३१. गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. इम्पिरियल कंपनीचा स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, शेजारून रेल्वे धडधडत जाणारी. दिवसा गाडीचा आवाज ध्वनिमुद्रणात येई, म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले. त्या पहिल्या बोलपटाची नायिका होती फातमाबाईंची मुलगी जुबेदा. थिएटरबाहेर अशी गर्दी उसळली की आवरायला पोलीस बोलवावे लागले. मॅजेस्टिक सिनेमा आता नाही. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभे आहे. आपल्यापैकी कितीजणी तेथून ईदची खरेदी करून गेल्या असतील!

पुढे १९३४ च्या सुमारास जुबेदानेही नानुभाई वकील यांच्याबरोबर महालक्ष्मी मूव्हीटोन ही कंपनी काढली. आईचे पाहून मुलगी शिकली, ती नुसता अभिनय शिकली नाही, मालकीही शिकली.

आता गिरगावातून चौपाटीकडे, मरीन ड्राइव्हला वळू. येथे जद्दनबाई राहत. त्यांचे मूळ बनारस-अलाहाबादकडचे, घराणे गाणाऱ्या बायकांचे. त्या पेशाकडे समाज कसा बघे, ते येथे लिहायला नको. ठुमरी-गझलच्या गायिका म्हणून त्यांचे नाव मोठे होते. त्यांच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या, रेडिओवर त्यांचे गाणे होई. त्या मुंबईत आल्या आणि त्यांनीही स्वतःची कंपनी काढली, संगीत फिल्म्स. १९३५ च्या 'तलाश-ए-हक'मध्ये त्यांनी काम केले आणि संगीतही दिले. हिंदी चित्रपटांना संगीत देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. १९३६ च्या 'मॅडम फॅशन'चे दिग्दर्शन त्यांचे, संगीतही त्यांचेच. त्यानंतर 'हृदय मंथन', 'मोती का हार', 'जीवन स्वप्न' असे चित्रपट त्यांनी १९३७ पर्यंत काढले.

आणि एवढे करताना मुलीला घातले क्वीन मेरी शाळेत. त्या मुलीला डॉक्टर व्हायचे होते. ती पुढे नर्गिस झाली, 'मदर इंडिया' झाली, राज्यसभेत गेली. पण गाण्याच्या कोठीशी नाव जोडल्या गेलेल्या घरातली आई आपल्या मुलीला ग्रँट रोडच्या इंग्रजी शाळेत पाठवते, ही गोष्ट आम्हाला कुठल्याही चित्रपटापेक्षा मोठी वाटते. ८ एप्रिल १९४९ रोजी जद्दनबाई वारल्या.

तिसरे नाव मात्र आमच्या वाचकांना नवे नाही. तबस्सुम. हे नाव घेतले की चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीच्या चेहऱ्यावर हसू येते, आणि नावाचा अर्थही तोच, स्मितहास्य. १९४४ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील अयोध्यानाथ सचदेव स्वातंत्र्यसैनिक, आई असगरी बेगम लेखिका आणि पत्रकार. बायकोच्या धर्माचा मान ठेवून वडिलांनी मुलीचे नाव तबस्सुम ठेवले, आणि नवऱ्याच्या धर्माचा मान ठेवून आईने किरणबाला. असे आईबाप!

तीन वर्षांची असताना ही मुलगी पडद्यावर आली, ती 'नर्गिस' नावाच्याच चित्रपटात. १९५१ च्या 'दीदार'मध्ये नर्गिसचे बालपण तिनेच रंगवले, आणि १९५२ च्या 'बैजू बावरा'त मीनाकुमारीचे. बेबी तबस्सुमला सारा मुलूख ओळखू लागला. पण बालकलाकारांचे पुढे काय होते ते आपण जाणतो. मूल मोठे होते, गोबरे गाल जातात आणि कामही जाते. तबस्सुमआपांनी आपली वाट वळवली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. त्याच साली वरळीच्या त्या केंद्रावरून 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला, तो १९९३ पर्यंत चालला. एकवीस वर्षे! मोहल्ल्यात एखाद्याच घरी टीव्ही असायचा. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर बायका-पोरे आणि पडद्यावर केसांत फूल माळलेल्या तबस्सुमआपा. ज्या घरांत सिनेमाला जायची बंदी होती, त्या घरांतही त्यांचे "आइए, तशरीफ लाइए" असे अदबीचे बोलणे चालून जाई, कारण त्या बोलण्यात घरच्या फुफीचा जिव्हाळा होता.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. 'गृहलक्ष्मी' या हिंदी महिला मासिकाच्या त्या पंधरा वर्षे संपादक होत्या. १९८५ साली 'तुम पर हम कुर्बान' हा चित्रपट त्यांनी लिहिला, काढला आणि दिग्दर्शितही केला. आणि टीव्हीवरचा जमाना सरल्यावर, नातवंडांना गोष्टी सांगायच्या वयात, त्यांनी यूट्यूबवर 'तबस्सुम टॉकीज' सुरू केले. जुन्या कलावंतांच्या आठवणी त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगत. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांना मगफिरत अता करो.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. या तिघींची नावे आपण ओळीने घेतली, पण तिघींच्या वाट्याला आलेली आठवण सारखी नाही.

फातमाबाई १९८३ पर्यंत हयात होत्या. एक्क्याण्णव वर्षांचे आयुष्य! पहिल्या बाई-दिग्दर्शक आपल्यातच, जित्याजागत्या होत्या. आपल्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्म झालेला होता. पण त्यांच्या 'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे १३०० चित्रपट निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजता यावेत इतकेच थोडे वाचले. त्या फिल्मचा पदार्थ भडकन पेट घेणारा. गोदामांना आगी लागल्या. ज्या आगीतून वाचल्या त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी त्या भंगारात विकल्या गेल्या. चित्रपट साठवणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात उभे राहिले ते १९६४ साली, तोवर बहुतेक सारे संपले होते. 'आलम आरा'चीही प्रत नाही. म्हणजे आईचा पहिला चित्रपट गेला आणि मुलीचा पहिला बोलपटही गेला.

जद्दनबाईंचे थोडे बरे. त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिले. सआदत हसन मंटो त्यांच्या घरी जात. नर्गिसवरच्या त्यांच्या लेखात ही आई जिवंत भेटते. पण ते दुसऱ्याने लिहिलेले. जसे त्याला दिसले तसे.

आणि शेजारच्या घरातला एक दाखला पाहा. गिरगावातच, कांदेवाडीत, एका मोठ्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या दुर्गाबाई खोटे. कॉलेजात शिकलेल्या. सासरची आर्थिक घडी विस्कटली म्हणून १९३१ साली 'फरेबी जाल'मध्ये छोटेसे काम केले आणि त्यावरून टीका सोसली. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी जी तारामती पुरुषाला करावी लागली होती, ती गिरगावच्या सुशिक्षित घरातल्या बाईने केली. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई त्यांचीच. पुढे त्यांनीही स्वतःची कंपनी काढली; जाहिरातपट, लघुपट केले. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' त्यांच्याच कंपनीची. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहून ठेवले. त्यामुळे आज मराठी घरातली मुलगी म्हणू शकते, "आमच्यात दुर्गाबाई होऊन गेल्या." आपली मुलगी मात्र "आमच्यात फातमाबाई होऊन गेल्या" असे म्हणत नाही, कारण तिला ते कुणी सांगितलेलेच नसते.

आमच्या मते सगळे पाणी येथे मुरते. "आपल्यात कुणी केलेलं नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की ज्यांनी केले त्यांचे आपण लिहून ठेवले नाही. कधी इज्जतीच्या नावाखाली गप्प बसलो, कधी "सिनेमातल्या बाईचं काय सांगायचं" म्हणून फोटो पेटीच्या तळाशी घातला. आणि हे फक्त सिनेमापुरते नाही. डोंगरी-मदनपुऱ्यात शिकवण्या घेणाऱ्या बाया, कोकणात पुरुषमंडळी आखातात आणि बोटींवर असताना शेती आणि कोर्टकज्जे सांभाळणाऱ्या बाया, मालेगावला मागाचे हिशेब ठेवणाऱ्या बाया, सगळ्यांचे तेच झाले. काम त्यांनी केले, कागदावर नाव नाही.

तबस्सुमआपांनी आपली आठवण दुसऱ्याच्या हाती सोपवली नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि स्वतःच्या तोंडाने सांगून गेल्या. मोबाइल त्यांच्या हाती आला तसा आपल्याही हाती आहे.

मग त्या पत्र लिहिणाऱ्या अब्बांना काय सांगावे? आम्ही एवढेच सांगू. मुलीला कुठे पाठवायचे ते तुम्ही आणि तिने मिळून ठरवा. कॉलेज कसे आहे, फी किती, शिक्षिका कोण, शिकून झाल्यावर काम कुठे मिळेल, घरी यायला किती वाजतील, हे सगळे प्रश्न जरूर विचारा, विचारायलाच हवेत. मुलीला तिच्या हद्दीही स्पष्ट सांगा आणि तिचे म्हणणेही शांतपणे ऐका. ती शिकून उभी राहिली तर करारावर सही करण्याआधी तो वाचायला शिकवा, आणि बँकेचे खाते तिच्या नावाचे असू द्या; फातमाबाई आणि जद्दनबाई दोघींचाही हा धडा आहे. परवानगी द्यायची नसेल तर त्याचे खरे कारण सांगा. फक्त "आपल्यात कुणी केलेलं नाही" हे कारण सांगू नका, कारण ते खरे नाही.

आणि परवानगी द्या किंवा न द्या, त्या मुलीला घरातले एक काम आजच देऊन टाका. शुक्रवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, तिला दादी किंवा नानीसमोर बसवा. मोबाइल उभा करा. विचारू द्या तिला: नानी, तुमचं माहेर कुठलं? शाळा किती झाली? पहिला पैसा कसला कमावला? तुमच्या अम्मीचं पूर्ण नाव काय? अर्ध्या तासाचे रेकॉर्डिंग पुरे. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहून ठेवा. पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. निकाहनामे, रेशनकार्ड, शाळेचे दाखले यांच्या प्रती काढून एका फायलीत लावा.

फातमाबाईंचा चित्रपट आता कुणालाही पाहायला मिळणार नाही. आपल्या नानींचे बोलणे अजून ऐकायला मिळते. तुमच्या घरी असे काही नोंदवले गेले, आणि ते इतरांनीही वाचावे असे नानींना वाटले, तर त्यांच्या परवानगीने चार ओळी आम्हाला जरूर कळवा.